खुंटी आणि दोरी

वर्तुळाइतकी सोपी व्याख्या दुसऱ्या कोणत्याही आकृतीला क्वचितच लाभली असेल. एक ठिकाण धरावें, त्यापासून सारख्या अंतरावर असलेलीं सर्व ठिकाणें घ्यावीं, कीं वर्तुळ झालें. शाळेंतील मुलगा ही व्याख्या एकदां पाठ करितो व पुढें जन्मभर विसरत नाहीं. परंतु व्याख्येच्या या सोपेपणामुळेंच वर्तुळाला एक भलताच मान मिळाला आहे, असें मला वाटतें. सर्व बिंदु मध्यापासून सारखे दूर. कोणाला वरचें स्थान नाहीं, कोणाला खालचें नाहीं. कोठें आरंभ नाहीं, कोठें शेवट नाहीं. तेव्हां वर्तुळ म्हणजे समतेचें चित्रच होय, असें वक्ते व्यासपीठावरून सांगतात आणि श्रोते माना डोलावितात. हें खरें आहे काय? एखाद्या आकृतीच्या अंगीं असा नैतिक गुण असूं शकतो काय? या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं ग्रंथालयांत जाण्यापेक्षां शेताकडे जाणें अधिक सोयीचें होईल.

बुलढाण्याचा घाट उतरला म्हणजे खालीं मोताळा तालुक्यांत, डोंगराच्या पायथ्याशीं, रोहिणखेड हें गांव आहे. इतिहासाच्या पुस्तकांत त्याचें नांव येतें तें १५८२ सालीं खुदावंतखान महदवी यानें बांधलेल्या मशिदीमुळें, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगरच्या गादीसाठीं तेथें जी लढाई होऊन बुऱ्हाण निजामशहाच्या पक्षानें जमालखानाचा मोड केला, तिच्यामुळें. आपलें काम मशिदीशीं नाहीं व लढाईशींही नाहीं. रोहिणखेडसारख्या, घाटाखालच्या ज्वारीच्या मुलखांत पिढ्यान् पिढ्या दर सुगीला जें एक वर्तुळ काढलें जात असे, त्याच्याशीं आहे. तें वर्तुळ म्हणजे खळें.

पीक कापून झालें कीं शेताच्या कडेला जागा पाहावयाची, ती पाणी मारून चोपावयाची, शेणानें सारवावयाची आणि मधोमध एक लांकडी खांब रोवावयाचा. याला तिवडा म्हणतात. कोठें कोठें मेढ म्हणतात. कणसें पसरून बैलांची पात या तिवड्याला जुंपली म्हणजे बैल आपोआपच वर्तुळ काढूं लागत. त्यांना भूमिति येत नसे; दोर ताणलेला असेपर्यंत तिची गरजही पडत नसे. आतां मळणीयंत्रें आलीं आणि बहुतेक गांवांतून हा देखावा नाहींसा झाला. त्याबद्दल हळहळण्याचें मला कारण दिसत नाहीं. बैलांना तर मुळींच दिसणार नाहीं. परंतु वर्तुळाविषयीं जें शिकावयाचें तें त्या खळ्यावर जितकें उघड होतें तितकें पाटीवर नसतें.

पातींतले बैल एका रांगेंत बांधलेले असत. सर्व एकदमच निघत, एकदमच फेरा पुरा करीत; तरीही कोणत्याही दोघांची चाल सारखी नसे. तिवड्यापासून साडेतीन हातांवर असलेला बैल एका फेऱ्यांत २२ हात चाले. साडेदहा हातांवर असलेल्याला तेवढ्याच वेळांत ६६ हात चालावें लागे. म्हणून जाणता शेतकरी म्हातारा किंवा मंद बैल तिवड्याजवळ बांधी व जवान, चपळ बैल बाहेरच्या टोकाला. पावलें मोजलीं तर येथें समता नाहीं; एकाला दुसऱ्याच्या तिप्पट चाल आहे. पण यांत अन्याय झाला असें कोणी म्हणणार नाहीं. ज्याची जेवढी कुवत तेवढें त्याला अंतर, हा त्या मांडणींतला न्याय होता. आणि म्हाताऱ्या बैलाला ‘समतेच्या’ नांवाखालीं बाहेर बांधणें हाच निर्दयपणा झाला असता.

अन्याय होता तो दुसरीकडेच. पायांखालचें धान्य खाऊं नये म्हणून बैलांच्या तोंडाला मुसकें बांधीत. ज्यू लोकांच्या प्राचीन धर्मशास्त्रांत मळणीच्या बैलाला मुसकें बांधण्याची मनाई आहे. आपल्या कोंकणांतील बेने इस्रायल लोक पूर्वीं तेलाचे घाणे चालवीत व शनिवारीं ते बंद ठेवीत, त्यावरून त्यांना शनिवार तेली हें नांव पडलें. त्यांच्या घाण्याचा बैलही वर्तुळांतच फिरे, परंतु आठवड्यांतून एक दिवस फिरत नसे. वर्तुळ तेंच; माणसानें घातलेला नियम मात्र निराळा.

मळणी व उफणणी होऊन धान्याची रास पडली म्हणजे त्याच खळ्याभोंवतीं दुसरें एक वर्तुळ उभें राही, तें माणसांचें. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, महार, मांग, गुरव असे वर्षभर गांवाचें काम केलेले बलुतेदार आपापला वांटा घ्यावयास येत. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं या सर्व व्यवस्थेवर १९१५ सालीं जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्याला त्यांनीं ‘गांवगाडा’ हें मार्मिक नांव दिलें. गाडा म्हटला कीं चाक आलें, आणि चाक म्हटलें कीं कोणी वर, कोणी खालीं, पण पाळीपाळीनें, अशी आपली समजूत होते. या गाड्याला मात्र पाळी ठाऊक नव्हती. बलुतेदारांच्या थोरली, मधली व धाकटी अशा ओळी असत, आणि एका प्रचलित यादींत सुतार-लोहारांच्या बरोबरीनें महार व मांग हेही थोरल्या ओळींत येतात. म्हणजे हिशेबाच्या वहींत त्यांची जागा पहिल्या प्रतीची, आणि खळ्यावर उभे राहण्याची जागा मात्र सर्वांत दूरची; कारण त्यांची सावलीही राशीवर पडतां कामा नये. बैलांच्या बाबतींत अंतर कुवतीवरून ठरविणारा तोच शेतकरी माणसांच्या बाबतींत तें जन्मावरून ठरवीत होता. एकाच तिवड्याभोंवतीं, एकाच दिवशीं, हे दोन्ही प्रकार चालत, आणि खळ्याची गोलाई दोहोंलाही सारखीच साक्ष राही.

तेव्हां समता ही गोलाईंत नाहीं. ती जर कोठें असेल तर वर्तुळ काढण्याच्या क्रियेंत आहे. गवंडी कमान आंखतांना काय करितो तें पाहावें. एक खुंटी ठोकतो, तिला दोरी बांधतो, आणि दुसरें टोक ताणून धरून फिरवितो. या कामाला दोनच अटी आहेत: खुंटी हलूं नये, आणि दोरी कोणत्याही बाजूला सैल पडूं नये. या दोन्ही गोष्टी आकृतीच्या गुणधर्मांत मोडत नाहींत, काढणाऱ्याच्या प्रामाणिकपणांत मोडतात. पण काम संपलें कीं खुंटी उपटली जाते, दोरी गुंडाळली जाते, आणि पाहणाऱ्याला केवळ सुबक गोलाई दिसते. तो तिची स्तुति करितो व खुंटीला विसरतो.

खुंटीविषयीं आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. मध्यबिंदु हा स्वतः वर्तुळावर नसतो. परिघावरील सर्व ठिकाणें एकमेकांच्या बरोबरीचीं आहेत हें खरें, पण तीं मध्याच्या बरोबरीचीं नाहींत. म्हणून परिघावरच्यांपैकींच कोणी एक उठून मध्यावर जाऊन बसला, तर बाकीचे त्याच्यापासून सारखेच दूर राहतील व वर्तुळ अगदीं बिनचूक होईल! बादशहापुढें सर्व रयत सारखीच लोटांगण घालीत असे. सारख्या त्रिज्येचा याहून चांगला दाखला कोणता? जुलमी राज्य हेंही एक उत्तम वर्तुळ असूं शकतें. खळ्यावर मध्यभागीं लांकूड असतें, गांवच्या पारावर मध्यभागीं झाड असतें. पिंपळ कोणत्याही पंचाचा भाऊबंद नसतो, हा त्याचा केवढा तरी गुण आहे. न्यायाच्या वर्तुळांत मध्य कोणा मनुष्याचा नसावा, ही अट भूमितीनें घातलेली नाहीं. ती आपल्याला घालावी लागते.

मनुष्याचा हात ज्याला लागला नाहीं असें वर्तुळ पाहावयाचें असेल तर तेंही याच बुलढाणा जिल्ह्यांत, लोणार येथें आहे. काळ्या अग्निजन्य खडकांत सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें हें विवर पडलें आहे आणि त्याच्या तळाशीं खाऱ्या पाण्याचें सरोवर आहे. पूर्वीं पुष्कळ जण त्याला ज्वालामुखीचें मुख समजत. १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें तें अशनीच्या आघातानें झालें, हें मत दृढ झालें. कोणी विचारील कीं, आकाशांतून येणारा अशनि बहुधा तिरपा येतो, मग खड्डा लांबट न होतां गोल कां झाला? याचें कारण असें कीं, इतक्या प्रचंड वेगानें आदळलेला दगड कुदळीसारखा जमीन उकरीत नाहीं. तो आदळल्याबरोबर त्याची सर्व शक्ति सुरुंगासारखी एका जागीं फुटते व तेथून चहूंकडे सारखीच पसरते. आघात फारच तिरपा असेल तेव्हांच खड्ड्याचा आकार बिघडतो. लोणारच्या कांठावरचे दगड मध्यापासून जवळजवळ सारख्या अंतरावर आहेत. पण म्हणून निसर्गानें दगडांना समान न्याय दिला, असें कोणी म्हणेल काय? पावसाच्या पाण्यावरचा बुडबुडा गोल असतो, दगड टाकला असतां तळ्यांत उठणाऱ्या लाटा गोल असतात. त्या वर्तुळांत न्याय नाहीं आणि अन्यायही नाहीं, कारण तेथें खुंटी कोणी निवडलेली नाहीं. जेथें निवड आहे तेथेंच हा प्रश्न उपस्थित होतो.

याचा अर्थ वर्तुळाचे गुण खोटे आहेत असा मात्र नव्हे. ते खरे आहेत व रोजच्या उपयोगाचे आहेत. विहीर गोल कां बांधतात? ४४ हात लांबीची भिंत चौकोनी फिरविली तर आंत ११ गुणिले ११, म्हणजे १२१ चौरस हात जागा सांपडते. तीच भिंत गोल फिरविली तर व्यास १४ हात होऊन १५४ चौरस हात जागा सांपडते. दगड तेवढेच, मजुरी जवळजवळ तेवढीच, आणि जागा चौथाईहून अधिक वाढली. शिवाय सभोंवतालची माती भिंतीला चहूंकडून रेटीत असते; गोल बांधकामांत प्रत्येक दगड शेजारच्या दोन दगडांना रेटतो व त्या रेट्यानेंच सर्व जागच्या जागीं राहतात. चौकोनी विहिरीची सरळ बाजू आंत झुकूं लागली म्हणजे तिला असा आधार मिळत नाहीं. ज्या कोणा गांवकऱ्यानें प्रथम विहीर गोल बांधली त्याला हें गणित मांडतां येत नसेल, पण त्याची विहीर ढांसळली नाहीं.

आतां याच विहिरीच्या कांठावर कोठेंही उभें राहावें, पाण्यापर्यंत दोर सारखाच लागतो. दगडांनीं आपल्याकडून भेद ठेविला नव्हता. दोर कोणी सोडावयाचा व कोणी ओंजळ पुढें करून वरून पाणी घालणाऱ्याची वाट पाहावयाची, हें मात्र कांठाबाहेर ठरत असे. १९२३ सालीं सीताराम केशव बोले यांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत ठराव मंजूर करून घेतला कीं, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावे. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं तेथील चवदार तळें त्याप्रमाणें खुलें केल्याचा ठरावही केला. परंतु ठराव कागदावर राहिला आणि तळें पूर्वींच्याच मालकींत राहिलें. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपल्या अनुयायांसह तळ्यावर जाऊन पाणी घेतलें, तेव्हां मारहाण झाली, मागाहून तळ्याची ‘शुद्धि’ झाली, आणि कज्जा मुंबईच्या हायकोर्टापर्यंत जाऊन १९३७ सालीं अस्पृश्यांच्या बाजूनें निकाल लागला. चवदार तळें कांहीं वर्तुळ नव्हे. पण एका ओंजळीला चौदा वर्षांची दोरी लागली, हें गणित ज्यांना समजत नाहीं त्यांनीं समतेचें चित्र म्हणून वर्तुळ काढून दाखवूं नये.

येथें कोणी म्हणेल कीं पूर्ण वर्तुळ जगांत कोठेंच नसतें, तसा पूर्ण न्यायही नसावयाचाच. थोडें इकडे तिकडे व्हावयाचेंच. या आक्षेपाचा विचार आपल्या जुन्या गणितज्ञांच्या संगतींत करणें बरें. आर्यभटानें ४९९ सालीं परीघ व व्यास यांचें प्रमाण ६२८३२ ला २०००० असें दिलें आणि तें ‘आसन्न’, म्हणजे जवळजवळचें आहे, असें स्पष्ट सांगितलें. अठराव्या शतकांत लांबर्टनें सिद्ध केलें कीं, हें प्रमाण कोणत्याही अपूर्णांकानें नेमकें मांडतां येतच नाहीं; तेव्हां आर्यभटाचा तो एक शब्द किती तोलून वापरलेला होता हें ध्यानांत येतें. भास्कराचार्यांनीं लीलावतींत दोन प्रमाणें दिलीं आहेत. ३९२७ ला १२५० हें सूक्ष्म, आणि २२ ला ७ हें स्थूल, व्यवहारापुरतें. रोहिणखेडच्या मागची डोंगररांग पश्चिमेस अजिंठ्याकडे जाते. त्याच बाजूस पुढें, चाळीसगांवजवळ पाटण येथें, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांच्या नातवानें, चांगदेवानें, मठ स्थापन केल्याचा शिलालेख आहे, तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं उजेडांत आणिला.

स्थूल व सूक्ष्म हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. हजार हात व्यासाच्या वर्तुळांत स्थूल मापानें परीघ सुमारें सव्वा हात चुकतो. सूक्ष्म मापानें हाताच्या शंभराव्या भागाइतकाही चुकत नाहीं. विहिरीला स्थूल माप पुरतें, ग्रहगणिताला पुरत नाहीं. दोन्ही मापें प्रामाणिक आहेत, कारण कोणतें कोठें वापरलें हें सांगून वापरलें आहे. अप्रामाणिकपणा कोठें सुरू होतो तें पुन्हां खळ्यावर दिसे. धान्य मोजावयाची पायली ही गोलच असते. तिच्या कांठापर्यंत धान्य सपाट करून मोजावें, किंवा कांठावर शीग चढवून मोजावें. घेतांना शीग आणि देतांना सपाट, असें ज्याचें माप, त्याची पायली कितीही बिनचूक गोल असली तरी काय उपयोग? स्वतःच्या हक्कासाठीं सूक्ष्म गणित आणि दुसऱ्याच्या हक्कासाठीं स्थूल गणित, ही संवय खळ्याबरोबर गेलेली नाहीं. सुशिक्षित घरांतही ती सुखानें नांदते. आमच्या मुलाचा अर्धा गुण राहिला तर आम्ही उत्तरपत्रिका पुन्हां तपासून घेतों, आणि घरकाम करणाऱ्या बाईचे खाड्याचे दिवस मोजतांना ‘तेवढें चालावयाचेंच’ म्हणतों. पूर्ण वर्तुळ जगांत नाहीं, हें खरें. पण ‘येथें दोरी सैल सोडली’ अशी तक्रार ज्या अर्थीं आपण करूं शकतों, त्या अर्थीं तें पूर्ण वर्तुळ आपल्या मनांत आहे व त्यावरच आपण प्रत्येक खऱ्या वर्तुळाची चूक मोजतों.

गोल आकाराच्या प्रतिष्ठेचें सर्वांत मोठें उदाहरण आपल्या राजकारणांत घडून गेलें आहे. १९३० ते १९३२ या काळांत लंडनला ज्या तीन परिषदा झाल्या, त्यांना गोलमेज परिषद हें नांव होतें. गोल मेजाला वरची बाजू नसते, म्हणून तेथें बसणारे सर्व समान, ही कल्पना इंग्रजांच्या आर्थर राजाच्या कथेंतून आलेली. पण निमंत्रणें कोणी काढलीं? पहिल्या परिषदेंत काँग्रेस नव्हती. दुसऱ्या परिषदेंत महात्मा गांधी होते, आणि अस्पृश्यांच्या वतीनें बोलण्याचा अधिकार कोणाचा, यावर त्यांचा व डॉ. आंबेडकरांचा तीव्र मतभेद झाला. दोघेही एकाच मेजाशीं बसले होते. मेज गोल असल्यानें तो वाद सुटला नाहीं, व सुटण्यासारखा नव्हताच. कारण खुंटी सरकारच्या हातांत होती आणि आपण परिघावर कोठें बसावें एवढाच प्रश्न पाहुण्यांपुढें ठेवलेला होता.

मग दोरी वाढवावी काय? वर्तुळाचा एक गुण असा आहे कीं, दोरी दुप्पट केली तर कुंपण दुप्पट लागतें, पण आंतली जमीन चौपट होते. माणसें चौपट मावतात, म्हणजे माणशीं कुंपण निम्मेंच पडतें. आपलीं माणसें म्हणून आपण ज्यांना मानतों त्यांचें वर्तुळ मोठें करणें हें भिकेला लावणारें औदार्य आहे असें जे समजतात, त्यांनीं हा हिशेब एकदां मांडून पाहावा. याला उत्तर मिळेल तें मला ठाऊक आहे: दोरी लांबली म्हणजे मध्येंच झोळ पडतो, आईची माया सर्व गांवाला पुरत नाहीं. तें खरें आहे. मायेची दोरी आंखूड असते आणि ती आंखूड असण्यांत पाप नाहीं. पण विहीर, रस्ता, शाळा, न्यायालय यांना माया लागत नाहीं. तेथें अनोळखी माणसाला ओळखीच्याइतक्याच अंतरावर उभें राहूं दिलें म्हणजे पुरतें. मायेच्या दोरीनें हीं वर्तुळें आंखल्यामुळेंच आपल्याकडे तीं इतकीं लहान राहिलीं. पुण्यास जोतीराव फुले यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला. पाणी भरावयास येणाऱ्यांपैकीं सर्वच त्यांच्या ओळखीचे असतील असें नाहीं. तशी अटही त्यांनीं घातली नव्हती. त्या हौदाचा आकार कोणता होता, याची चौकशी आजवर कोणाला करावीशी वाटलेली नाहीं.